सव्वा इंच

मैदान म्हणजे सव्वा इंच बर्फ.
लोकांना वाटतं, हातभर तरी असेल.
एवढ्यातच मावले पासष्ट मोसम,
दोन चषक, मालकांची तीन दिवाळी दिवाळखोरीची,
आणि सांडलेले दात किती,
ते मोजायला कुणी बसलं नाही.

बाबा नळीने पाणी मारायचे. उकळतं.
गार पाण्यात हवा असते, म्हणायचे, हवा म्हणजे खोट.
आमची नदी चहासारखी तपकिरी,
तेच पाणी जाड फडक्यातून गाळून
एकावर एक चोवीस थर, रात्रभर.
पेंगत मारलेला थर खेळाडूच्या टाचेला कळतो.

एकतीस साली कागद गिरणीच्या मॅनेजरने संघ काढला,
संप नको म्हणून.
सामन्यामागे चार डॉलर आणि रात्रपाळीतून सूट.
छातीवर पाइक मासा. गिरणीच्या धोबिणींनी शिवला,
दातांपर्यंत येता येता दोरा संपला,
म्हणून पहिली दोन वर्षं मासा बोळका होता.
खेळायचेही तसेच.

मग ऑरेल तेसिए आला गोलात.
दिवसा गोठलेल्या नदीवरून ओंडके ओढायचा,
संध्याकाळी आमच्या गोलात उभा, मुखवट्याशिवाय,
कपाळावर टाके,
पायांना बांधलेल्या गाद्यांत हरणाचे केस.
एकोणपन्नासचा एप्रिल. आत धुकं इतकं
की पंच घंटा वाजवायचे आणि दोन्ही संघ
घोंगड्या धरून गोल गोल फिरायचे, धुकं हाकत.
ज्याची बरगडी मोडली तोही,
ज्याने मोडली त्याच्याच घोंगडीचं टोक धरून.
चौथ्या जादा डावात एनोस वाबानोचा गोल
कुणीच पाहिला नाही. ऐकला.
चषक आमचा.

बावन्नच्या मार्चात नदी फुटली.
नदीच्या बर्फाला राखणदार नसतो.
ट्रॅक्टर मेमध्ये सापडला.

त्या ऑक्टोबरात बाबा एकटेच आत गेले.
पहिला थर धरल्यावर, पांढरा रंग मारण्याआधी,
उत्तरेच्या गोलासमोर गुडघ्यांवर बसून
बारक्या ब्रशने ऑरेल लिहिलं, निळ्यात.
वर पांढरं. त्यावर बाकीचे थर.
मी अकरा वर्षांची, दारात बादली घेऊन.
म्हणाले, लेम्पी, बर्फ सगळं पोटात ठेवतो.

पुढे तो ब्रश माझ्याकडे आला, पाण्याची गाडीही.
चौऱ्याहत्तरचा दुसरा चषक
मी गाडीच्या सीटवरून पाहिला, लोकरी मोज्यांत पाय आखडून.
सगळे मिठ्या मारत होते. मला दिसत होती
निळ्या रेषेजवळ पडलेली भेग.

नव्वदनंतर कुठेतरी पाणी मुरायला लागलं.
मालक टोरांटोहून फोन करायचा,
गोल किती झाले विचारायचा नाही, विजेचं बिल विचारायचा.
शहाण्णवला संघ विकला
दक्षिणेत, जिथे लोक बर्फ ग्लासात पाहतात.
मासा गेला, आता दातांसकट. नाव गेलं.
चषक कराराच्या यादीत होते, कलम नऊ.
सव्वा इंच मात्र ट्रकमध्ये चढेना.
मीच यंत्र बंद केलं. तीन दिवस वितळत होता.
निळा थेंब कधी गेला, ते गटाराच्या जाळीला माहीत.

परवा तिकडच्या बर्फवाल्याचा फोन आला.
आवाजावरून पोरगाच. बर्फ मऊ पडतो म्हणाला,
खेळाडू शिव्या देतात, तुम्ही घालायचात तरी काय?
राग होताच. पण पाण्याला कोण नाही म्हणतं?
सांगितलं सगळं. उकळ. पातळ मार. थांब.
नावाचं बोलले नाही.

आता गावातली पोरं खेळतात, मंगळवारी आणि शुक्रवारी,
वर्गणी काढून.
एनोसची नात गोलात असते, नऊ वर्षांची,
हेल्मेट तिच्याहून मोठं.
काल वाकून म्हणाली,
इथे बर्फ जरा निळा दिसतो.
उजेडाचं असेल, म्हटलं.
ती अर्धं पाऊल सरकली
आणि नेमकी तिथेच उभी राहिली.